बेचाळीस रुमाल: वाचनालयातल्या मोडी दप्तराच्या कामाच्या नोंदी

सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या माळ्यावर मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचे बेचाळीस रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते. जुने वाडे पाडले गेले तेव्हा घरच्यांनी ते आणून दिले आणि मागच्या लोकांनी जपून ठेवले. आता ते साफ करायचे, त्यांचे फोटो काढायचे, यादी करायची आणि ज्याला हवं त्याला बघता यावं अशी सोय करायची, असं ठरलं. गावोगावच्या वाचनालयांत अशी दप्तरं आहेत. ज्यांना हात घालायचा आहे त्यांच्यासाठी या नोंदी. मोडीचा इतिहास इथे लिहिलेला नाही. काय केलं, काय फसलं, पैसे कुठे गेले, एवढंच आहे.

कामाला माणसं: ग्रंथपाल काकू, मोडी वाचणारे अण्णा, निवृत्त तलाठी भाऊसाहेब, कॉलेजची चार मुलं आणि मी.

१६ ऑक्टोबर २०२३

पाऊस गेला, हवा कोरडी झाली, तेव्हा रुमाल माळ्यावरून खाली आणले. पावसाळ्यात दप्तर उघडू नये. दमट हवेत कागद ओल धरतो आणि बुरशीला निमित्त मिळतं.

एकही गाठ सोडायच्या आधी प्रत्येक रुमालाला क्रमांक दिला, जसा आहे तसा फोटो काढला, आणि कोणत्या वाड्यातून आला हे काकूंच्या जुन्या आवक वहीतून शोधलं. वहीत नोंद मिळाली नाही त्यांच्यापुढे ‘माहीत नाही’ असं लिहिलं. अंदाजाने वाड्याचं नाव टाकलं नाही. आज टाकलेला अंदाज दहा वर्षांनी पुरावा म्हणून फिरतो.

मुलांचं म्हणणं होतं, कागद गावांप्रमाणे लावून टाकू, शोधायला सोपं. त्याला नकार दिला. रुमालात कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रमही माहिती देतो. पहिल्याच रुमालात एका पुडक्यात वतनाच्या वादाचा निवाडा निघाला, त्याच्याखाली साक्षीदारांच्या जबान्या आणि त्याखाली त्या कामात झालेल्या खर्चाची यादी. साक्षीदार दोन वेगळ्या गावांचे. गाववार लावलं असतं तर तिन्ही कागद तीन ढिगांत गेले असते आणि त्यांचं नातं कायमचं तुटलं असतं. गाव, साल, विषय हे सगळं यादीत येईल. कागद आहेत तिथेच राहतील.

२३ ऑक्टोबर

तीन रुमालांत जिवंत कसर निघाली. बाकीच्यांत जुनी भोकं आहेत, किडा नाही.

माळ्यावरच्या कपाटात डांबरगोळ्या होत्या, त्या सगळ्या काढून टाकल्या. त्यांचा उपयोग थोडा आणि माणसाला त्रास जास्त. थायमॉलची धुरी द्या असा एक सल्ला आला होता. जुन्या अभिलेखागारांत ती पद्धत होती, बंद पेटीत खाली बल्ब लावून थायमॉल तापवायचं. पण ते श्वासाला आणि डोळ्यांना घातक आहे, आणि आमच्या खोलीला धड खिडकी नाही. नको म्हटलं.

गोठवण्याचा मार्ग धरला. गावातल्या आइस्क्रीमवाल्यांनी थंडीच्या दिवसांत रिकामा असलेला डीप फ्रीझर वापरायला दिला, पैसे घेतले नाहीत. उणे १८ अंशांपर्यंत जातो. रुमाल जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आतली हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करून ठेवले. मुक्काम दोन आठवडे.

३० ऑक्टोबर

वीज रात्रभर गेली. सकाळी फ्रीझरमध्ये थंडावा होता, पण पारा शून्याच्या वर गेलेला. थंडी अशी मधेच तुटली की सगळे किडे मेले असतील याची खात्री राहत नाही. दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. एक आठवडा वाया.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी फ्रीझरमध्ये कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर ठेवावा. पाचशे रुपयांच्या आत मिळतो. तो होता म्हणूनच आम्हाला हे कळलं. आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस खोलीत तशीच बंद ठेवायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं. आपल्याकडची जुनी काजळाची शाई काळीभोर टिकते, पण पाण्यापुढे तिचं काही चालत नाही.

४ नोव्हेंबर

कीड नसलेल्या रुमालांची साफसफाई सुरू. मऊ रुंद ब्रश, पंखा बंद, तोंडाला एन-९५ मास्क. ब्रश मधून कडेकडे न्यायचा. कडेकडून मधे नेला तर फाटकी कड दुमडते आणि तुटते. सुती हातमोजे घालून पाहिले, त्यांत पातळ कागद अडकतो. धुऊन कोरडे केलेले हात बरे. हात ओले राहू नयेत म्हणून टेबलाशेजारी टॉवेल टांगला आहे.

पूर्वी कोणीतरी प्रेमाने केलेल्या दुरुस्त्या ही सर्वांत अवघड गोष्ट ठरली. सेलोटेपच्या पट्ट्या तपकिरी होऊन कागदात मुरल्या आहेत. एका कोऱ्या कोपऱ्यावरची पट्टी उचलून बघितली, तिच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा आला. तिथेच थांबलो. सेलोटेप असलेल्या कागदांची वेगळी यादी केली आहे, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

फाटक्या कडांना पातळ जपानी टिश्यूचे तुकडे गव्हाच्या खळीने लावतो आहोत. इथे एक सूचना. गावातल्या बाइंडरकडची खळ वापरू नका. ती टिकावी, किडा लागू नये म्हणून तीत मोरचूद टाकलेलं असतं. वह्या-पुस्तकांच्या बांधणीत वर्षानुवर्षं ते चालत आलं आहे, पण मोरचुदातलं तांबं कागदाला हळूहळू खातं. खळ घरीच, थोडी थोडी, त्या त्या दिवशी करायची. उरली तर टाकून द्यायची.

साफ करताना एक गोष्ट लक्षात आली आणि कामाचा क्रम बदलला. अठराव्या शतकातले कागद अजून लवचीक आहेत. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद, त्या काळी जुन्नर आणि दौलताबाद त्यासाठी प्रसिद्ध होते. बोटांत धरला की कापडासारखा वाकतो. उलट वाचनालयाचीच १९३०-४० मधली इतिवृत्तं, छापील नोटिसा, हस्तपत्रकं पिवळी पडून पापडासारखी तुटतात, कारण तो लाकडाच्या लगद्याचा, आम्ल असलेला कागद. सगळ्यांची धाव मोडीकडे, पण आधी मरणार आहे तो नवा कागद. म्हणून स्वातंत्र्यपूर्व काळातली इतिवृत्तं फोटोच्या रांगेत पहिल्या क्रमांकावर घेतली.

१७ नोव्हेंबर

दिवाळीमुळे काम बंद होतं. आता नव्या रुमालांसाठी कापड. जुने रुमाल लाल खारव्याचे आहेत. ओल लागलेल्या दोन रुमालांत त्याचा रंग उतरून वरच्या कागदांवर लाल डाग पडलेत. नवं कापड बिनरंगाचं मांजरपाट घेतलं. कोऱ्या मांजरपाटाला कांजी असते आणि कांजीवर किडा येतो, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून, कांजी निघेपर्यंत धुऊन, कडक उन्हात वाळवलं. कापड, शिलाई आणि बंद मिळून साडेचार हजार रुपये.

आम्लमुक्त पुठ्ठ्याचे खोके मागवायचे होते, पण भाव आमच्या आवाक्याबाहेर. वाचनालयाच्या अनुदानात या कामाला कुठलंच खातं नाही. सध्या रुमालाच्या वर-खाली आम्लमुक्त कागदाचा एकेक तावच घातला आहे.

जुनी कापडं फेकायची नाहीत. एका खारव्याच्या आतल्या बाजूला मोडीत दोन ओळी निघाल्या: रुमालात काय आहे त्याचा मजकूर. त्यातले दोन कागद आज रुमालात नाहीत. म्हणजे कधीकाळी ते होते, हे आता फक्त त्या कापडामुळे माहीत आहे. सगळी कापडं घड्या घालून, क्रमांक देऊन ठेवली.

२७ नोव्हेंबर

फोटो. मुलांनी सुरुवात फोनवरच्या स्कॅनिंग अ‍ॅपने केली होती. झटपट होतं आणि पडद्यावर कागद पांढराशुभ्र दिसतो. अण्णांनी ते फोटो वाचायला घेतले आणि मूळ कागद मागितला. अ‍ॅपने कागदाची कड आपणहून कापली होती, तिच्याबरोबर समासातला शेरा गेला. फिकट शाईतली एक ओळ ‘डाग’ समजून पुसली गेली होती. मोहोरेच्या जागी पांढरा चट्टा. हे सगळे फोटो रद्द.

आता एका मुलाच्या मामांचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळाला आहे. फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड करून घेतला, कॅमेरा बरोबर खाली बघेल असा: अडीच हजार. दोन बाजूंना ४५ अंशांत दोन एलईडी दिवे, फ्लॅश कधीच नाही. दर फोटोत कागदाशेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि रंगांची पट्टी. वाचनालय रस्त्याला लागून, ट्रक गेला की टेबल हलतं. म्हणून बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावलं आणि सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ धरली.

एका फोटोत ६००० गुणिले ४००० ठिपके मिळतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० इंच लांब कागद एका फोटोत मावतो. त्याहून लांब, चिकटवून जोडलेले कागद तुकड्यातुकड्याने, आणि दर तुकड्यात आधीच्या चार ओळी पुन्हा घ्यायच्या.

जतनाची प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या मोठ्या फाइलीत. एक फोटो साधारण ७२ एमबी, म्हणजे हजार फोटोंना ७२ जीबी. दोन हार्ड डिस्क घेतल्या, अकरा हजार गेले. सगळ्यात मोठा खर्च हाच. एक डिस्क वाचनालयात आणि दुसरी दुसऱ्या गावी, उंचावरच्या घरात. चिपळूणच्या वाचनालयात २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं होतं, ते आठवत असलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागू नये. फाइलींना नावं फक्त आकड्यांत: रुमाल, पुडकं, कागद, बाजू. नावात गाव किंवा विषय घालायचा नाही, वाचन सुधारलं की नाव खोटं पडतं.

९ डिसेंबर

पहिल्या चार रुमालांचे फोटो पुन्हा काढतो आहोत. कारण कागदांची पाठ. पाठ कोरी दिसली तर सोडायची असं ठरलं होतं, आणि सकाळच्या घाईत ‘कोरी’ म्हणजे काय हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. अण्णांना एका पत्राची तारीख लागेना. मूळ कागद उलटला, तर पाठीवर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पौ छ’ आणि पुढे महिना. पौ म्हणजे पावली, छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. पत्र कधी पोचलं ते लिहिलेलं होतं. दुसऱ्या एका कागदाच्या पाठीवर तो दप्तरात चढवल्याचा ‘बार’.

नियम बदलला: प्रत्येक कागदाच्या दोन बाजू, कोरी असली तरी. काम जवळजवळ दुप्पट झालं. तरी पुढे ‘मागे काही होतं का’ हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर फोटोतच मिळेल.

२० डिसेंबर

वाचनालयात गर्दी. यंदा सप्टेंबरमध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून कुणबी नोंदींसाठी लोक मिळेल ते जुनं दप्तर शोधत आहेत, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दिवसभर फुरसत नाही. अण्णांच्या घरीही रांग लागते. माणसं दुरून येतात, पणजोबांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून आणतात. त्यांना ‘काम चालू आहे, नंतर या’ म्हणणं आम्हाला पटेना. कागद जपायचे ते याच लोकांसाठी.

पण सात-आठ जणांच्या हातांतून एकच पान गेलं की त्याची कड गेलीच. म्हणून हे ठरवलं: फोटो झालेले कागद पडद्यावर दाखवायचे. मूळ कागद फक्त शंका असेल तेव्हा, टेबलावर सपाट ठेवून, काकूंसमोर. पेन नाही, पेन्सिल चालेल. झेरॉक्स नाही, फोटोची प्रत फुकट. आणि प्रत देताना स्पष्ट सांगायचं की वाचनालयाला नक्कल प्रमाणित करण्याचा अधिकार नाही. त्यासाठी तहसील कार्यालय किंवा शासनाचा पुराभिलेख विभाग.

याच गडबडीत एका रुमालाच्या तळाशी गाव नमुना १४ ची वही सापडली, जन्ममृत्यूची, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात तीच. ती घरगुती कागदांत कशी आली कोण जाणे. भाऊसाहेबांनी वही बघितली आणि उठून उभे राहिले. ‘ही आपली नव्हे, सरकारची आहे,’ म्हणाले. बरोबरच आहे. सरकारी कामात तयार झालेला कागद सार्वजनिक अभिलेख असतो, महाराष्ट्रात त्यासाठी २००५ चा अधिनियम आहे. खाजगी कपाटात तो राहू नये. फोटो काढून वही कार्यालयात जमा करायला गेलो. आधी कोणी घ्यायला तयार नव्हतं, कारण आवक कशात दाखवायची हा प्रश्न. भाऊसाहेबांनी तिथेच बसून पानवार यादीसह पत्र तयार केलं आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाहीत. पोच आमच्या फायलीत आहे. असं काही सापडलं तर नुसतं नेऊन देऊ नका. पानं मोजा, फोटो काढा, पोच घ्या.

११ जानेवारी २०२४

यादी. या सगळ्या खटाटोपाचा जीव यादीत आहे, हे आता आम्हा सर्वांना पटलं आहे. दोन हजारांवर फोटो जमले, आणि यादी नसलेल्या फोटोंत कागद शोधणं बांधलेल्या रुमालात शोधण्याहून सोपं नाही.

यादी एक्सेलमध्ये सुरू केली. दुसऱ्याच दिवशी ‘३-१२’, म्हणजे तिसरं पुडकं बारावा कागद, याची ३ डिसेंबर झाली. अशा कितीतरी नोंदी आपोआप तारखा होऊन बसल्या आणि परत फिरवता येईनात, कागदावरून पुन्हा भराव्या लागल्या. उपाय सोपा: काहीही भरायच्या आधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यायचे. शिवाय एक्सेलचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं, १७७२ ची तारीख त्याला तारीख वाटत नाही. आम्ही साल-महिना-दिवस या क्रमाने मजकूर म्हणून लिहितो, म्हणजे क्रमवारी बरोबर लागते.

तारखेला दोन रकाने आहेत आणि ते कधीच एक करायचे नाहीत. एकात कागदावर आहे तशी, दुसऱ्यात आपण काढलेली इसवी. कारण इसवी काढताना घोटाळा होतोच. नवव्या रुमालातला एक कागद: ‘सु॥ सलास सबैन मया व अलफ, छ १ रमजान’. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी अंकशब्दांत लिहिलं जाणारं साल, ११७३. यादीत तो आधी १११० म्हणून गेला होता, कारण सबैनचं सबा वाचलं, सबा म्हणजे सात. शुहूर सालात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७७२, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. ताळा बघायला दुसरा धागा मिळाला, त्याच पुडक्यातल्या पुढच्या कागदावर ‘शके १६९४ नंदन नाम संवत्सरे’. जुळलं. थोरले माधवराव थेऊरला वारले ते १८ नोव्हेंबर १७७२ ला. हा कागद त्यानंतर आठ-दहा दिवसांतला, आणि त्यात आहे घोड्यांच्या वैरणीचा हिशेब. राज्यावर एवढा घाला पडला त्या आठवड्यातही कोणीतरी कडब्याच्या पेंढ्या मोजून नीट लिहून ठेवत होतं. मला हा कागद या सगळ्या दप्तरात सर्वांत मोलाचा वाटतो.

बाकी रकाने: कोणाकडून, कोणास, गाव, एका ओळीत विषय, स्थिती, वाचणाऱ्याचं नाव, दुसऱ्याने तपासलं का. न वाचता आलेल्या शब्दाला चौकटी कंस आणि रिकामी जागा. अंदाज असेल तर प्रश्नचिन्हासकट.

८ फेब्रुवारी

शेजारच्या एका गावचा थळझाडा मिळाला. गावातली शेतं, थळांची म्हणजे शेतांच्या जागांची नावं, कोणाकडे किती बिघे, सगळं ओळीने. मुलांनी बेरजा केल्या, कागदावरच्या बेरजेशी एकही जुळेना. त्यांनी ‘कारकुनाची चूक’ असा शेरा लिहायला घेतला. भाऊसाहेबांनी अडवलं. २० पांडांचा एक बिघा. १५ पांड आणि ११ पांड म्हणजे २६ नव्हे, १ बिघा ६ पांड. आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर. त्या हिशेबाने सगळं जुळलं, शेवटच्या पांडापर्यंत.

थळांची नावं मात्र अडली. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, आणि विशेषनामाला अर्थाचा आधार मिळत नाही. एका ठिकाणी पहिल्या अक्षरावर डाग, अण्णा ‘नाल’ वाचत होते. मग फोटोची मोठी छापील प्रत घेऊन त्या गावातच गेलो. पारावर पाच-सहा म्हातारी माणसं जमली. ‘नाल कुठली, ताल ती. तळ्याखालची ताल, अजून तेच म्हणत्यात,’ एका आजोबांनी हाताने दिशा दाखवली. पुढचं ‘जोगतिणीचं टेपाड’ एका आजींनी आम्ही वाचून पुरं करायच्या आत सांगितलं. अर्ध्याहून जास्त थळं आजही त्याच नावाने आहेत. काही नावांवर ते सगळे गप्प राहिले. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह कायम.

प्रवासाचा खर्च पेट्रोलपुरता. अशा कामात गावात जाणं शेवटी ठेवू नये, आधी जावं. ही माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

५ मार्च

पुण्याला पुराभिलेखागारात जाऊन आलो. आमच्या कागदांतल्या एका इनामाचा दुसरा धागा तिथे मिळेल का ते बघायचं होतं. पेशवे दप्तर म्हणतात ते इथलं, तीस हजारांहून जास्त रुमाल, खास दप्तरासाठी बांधलेल्या दगडी इमारतीत. इंग्रजांच्या काळात याला एलियनेशन ऑफिस म्हणत, कारण इनामं-वतनं खरी की खोटी हे ठरवायला इनाम कमिशनला हेच कागद लागत. त्याच कमिशनमुळे गावोगावच्या वाड्यांतही कागद टिकले. १८५२ च्या कायद्यानंतर पुरावा दाखवला नाही तर इनाम जाईल अशी वेळ आली आणि घरोघर सनदांच्या नकला, कैफियती जपून बांधल्या गेल्या. आमचे निम्मेअधिक रुमाल त्याच भीतीतून उरलेले आहेत.

तिथे रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी अशा विभागण्या आहेत. कोणत्या विभागात काय येतं हे समजून न घेता गेलं तर दिवस वाया जातो. आमचा पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका जुन्या जाणकारांनी अर्ज बघून सांगितलं, ‘गाव सांगू नका, तर्फ आणि प्रांत सांगा.’ दुपारपर्यंत रुमाल टेबलावर. आमच्याकडच्या नकलेतलं इनाम मूळ हिशेबात सापडलं, त्याच धन्याच्या नावाने. सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३० च्या दशकात या दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले, तरी बहुतेक दप्तर अजून कागदावरच आहे. तिथे जाऊन बसण्याला पर्याय नाही.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. आमच्या दोन मुली पुढच्या वर्गाला बसणार आहेत. एकट्या अण्णांवर सगळं टेकलेलं असणं बरं नाही, ते स्वतःच रोज बोलून दाखवतात.

१८ एप्रिल

पहिले बारा रुमाल इंटरनेट आर्काइव्हवर चढवले, जेपीजी प्रती. टिफ चढवून बघितल्या, आमच्या जोडणीवर एक पुडकं रात्रभरात गेलं नाही. जेपीजी वाचायला पुरतात. जतनाची प्रत डिस्कवर आहेच.

लोकांना सापडेना हा पुढचा प्रश्न. कागदात ‘कुळकर्णी’, शोधणारा ‘कुलकर्णी’ टाकतो. गावाचं जुनं नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं. यादीत ‘आजचं रूप’ असा आणखी एक रकाना वाढवला आणि गावं व आडनावं पुन्हा भरली. कंटाळवाणं काम आहे, पण त्यानंतर पुण्या-मुंबईहूनच नव्हे, तर बडोद्याहूनही विचारणा आली. तिथल्या एका घराण्याचं मूळ गाव आमच्या तालुक्यातलं.

नमुना १४ च्या वहीचे फोटो नेटवर टाकले नाहीत. त्यात विसाव्या शतकातली माणसं आहेत, जातीसकट, मृत्यूच्या कारणासकट. ज्याच्या घरची नोंद आहे त्याने कार्यालयात मागावी. यावर आमच्यात बराच वाद झाला. सगळं खुलं हवं असं मुलांचं म्हणणं. मलाही खुलं हवं, पण कोणाच्या आजीच्या मरणाचं कारण जगभर उघडं करायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

२७ मे

पावसाळ्याची तयारी. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि लाकडी ठोकळ्यांवर उचललं, कारण ती भिंत दर जुलैत ओलसर होते. आर्द्रता दाखवणारं घड्याळ आत लावलं, आठशे रुपये. काकू रोज सकाळी आकडा लिहितात. साठच्या खाली ठेवायचा प्रयत्न, सत्तरच्या वर गेला की कपाटाची दारं उघडून खोलीतला पंखा मंद चालवायचा. रुमाल माळ्यावर परत गेलेले नाहीत. पत्र्याखालची उन्हाळ्यातली भट्टी आणि पावसातली गळती, दोन्ही तिथेच.

फोटोंच्या डिस्क दोन्ही जोडून चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे सांगणारे आकडे, ताडून बघितले. सहा फाइली दुसऱ्या डिस्कवर खराब निघाल्या, पहिलीवरून पुन्हा घेतल्या. हे दर सहा महिन्यांनी करायचं असं ठरलं आणि काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढची तारीख लिहिली.

आतापर्यंत रोख खर्च तीस हजारांच्या आसपास. त्यातला मोठा भाग डिस्क, दिवे आणि स्टँडचा. कॅमेरा, फ्रीझर आणि माणसांचा वेळ उसना. वर्गणी गावातूनच जमली. एका सुताराने टेबलाची मजुरी घेतली नाही, त्याच्या आज्याचं नाव बाराव्या रुमालात बलुत्याच्या यादीत निघालं होतं.

तेराव्या रुमालापासून पुढचे तीस ऑक्टोबरपर्यंत बांधलेलेच राहतील. त्यातले दोन जळक्या कडांचे आहेत आणि एक पूर्ण चिकटून ठोकळा झालेला. त्या तिघांना आम्ही हात लावणार नाही, जाणकार मिळेपर्यंत तसेच ठेवणार. पावसाळ्यात काम यादीचं: बारा रुमालांच्या नोंदी दुसऱ्या माणसाने पहिल्या वाचनाकडे न बघता पुन्हा वाचायच्या, आणि जिथे दोन वाचनं जुळत नाहीत तिथे दोन्ही ठेवायची.

यादीचा कोरा नमुना, रकान्यांच्या सूचनांसह, वाचनालयात ठेवला आहे. कुठल्याही वाचनालयाने मागितला तर काकू लगेच पाठवतात.